तक्रारीआधीचे अकरा दिवस : नाशिकमधील एका गुंतवणूक फसवणुकीचे प्रकरण

हे प्रकरण नाशिक शहरात राहणाऱ्या एका निवृत्त कर्मचाऱ्याचे आहे. ते त्यांच्या संमतीने मांडले असून ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि रकमा ढोबळ केल्या आहेत. तक्रारदारांचा उल्लेख ‘काका’ असा केला आहे आणि त्यांच्या सिन्नर येथील जुन्या सहकाऱ्याचा ‘मित्र’ असा. प्रस्तुत लेखक निवृत्त बँक कर्मचारी असून अशा तक्रारींची कागदपत्रे लावून देण्याचे काम करतो. या प्रकरणात त्याचा संबंध आला तो शेवटच्या टप्प्यावर. फसवणूक कशी झाली हे आवश्यक तेवढेच सांगून, ती लक्षात आल्यानंतर जे दिवस गेले त्यांकडे येथे अधिक लक्ष दिले आहे, कारण काकांचे खरे नुकसान किती होणार हे बऱ्याच अंशी त्या दिवसांत ठरले.

पार्श्वभूमी

काका सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात स्टोअर विभागात होते. निवृत्तीनंतर मिळालेला भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी त्यांनी मुदत ठेवींत ठेवली होती. इंदिरानगरमध्ये स्वतःची सदनिका, मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी लग्न होऊन नाशिकरोडला. कर्मचारी पेन्शन योजनेतून मिळणारी रक्कम तुटपुंजी असल्याने घरखर्चाचा मुख्य आधार ठेवींचे व्याज हाच होता, आणि ते व्याज पुरत नाही ही भावना दोन-तीन वर्षांपासून घरात बोलली जात होती.

आणखी एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे, कारण पुढचे मौन तिच्यातूनच आले. काकांच्या थोरल्या भावाच्या ठेवी पूर्वी एका पतसंस्थेत अडकल्या होत्या. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात १९९९ चा स्वतंत्र कायदा आहे, त्याखाली संचालकांची मालमत्ता जप्त होऊ शकते, हे सगळे त्या कुटुंबाला माहीत होते. पण प्रत्यक्षात भावाच्या वाट्याला आले ते अर्ज, बैठका आणि पुढच्या तारखा. तक्रारीने चपला झिजतात, पैसा येत नाही, हा निष्कर्ष काकांनी त्या अनुभवावरून काढला होता आणि तो त्यांच्या मनात पक्का होता.

समस्या

शेअर बाजाराचे मोफत मार्गदर्शन देणारी एक जाहिरात फेसबुकवर पाहून काकांनी तिच्यावर क्लिक केले आणि ते एका व्हॉट्सअ‍ॅप गटात दाखल झाले. गटात एक ‘सर’ रोज सकाळी शेअर सुचवीत, त्यांची ‘असिस्टंट मॅडम’ प्रत्येकाला वैयक्तिक संदेश पाठवून विचारपूस करीत असे, आणि इतर सदस्य आपापल्या नफ्याची छायाचित्रे टाकीत. पुढे एका दुव्यावरून अ‍ॅप उतरवून घ्यायला सांगण्यात आले. ते प्ले स्टोअरवर नव्हते. काकांनी प्रथम २५,००० रुपये भरले. आठवड्याभरात त्यातील ‘नफा’ म्हणून १२,००० रुपये त्यांच्या पेन्शनच्या बचत खात्यात खरोखर जमा झाले, आणि त्या दिवशी त्यांची उरलेली शंका गेली. मग १,७५,०००, त्यानंतर ४,००,०००, मग ‘आयपीओत (कंपनीच्या पहिल्या जाहीर शेअर विक्रीत) मागणीपेक्षा जास्त शेअर मिळाले, उरलेली रक्कम न भरल्यास खाते गोठेल’ असे सांगून ५,५०,००० आणि अखेर एका शुक्रवारी दुपारी ३,००,००० असे एकूण १४,५०,००० रुपये गेले. प्रत्येक वेळी पैसे घेणारे खाते वेगळे होते आणि नावे कुठल्यातरी ‘ट्रेडर्स’ किंवा ‘एंटरप्रायझेस’ची होती. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीकडे नोंदणी असलेला दलाल ग्राहकाचे पैसे आपल्याच नावाच्या खात्यात घेतो, रोज नव्या दुकानाच्या खात्यात नाही. ही एक खूण लक्षात राहिली असती तरी दुसऱ्या हप्त्याला गाडी थांबली असती.

काकांनी आपल्या मित्रालाही त्या गटात घेतले होते. मित्राने त्याच शुक्रवारी, काकांना दिलेल्याच खात्यात, ९०,००० रुपये पाठवले. संध्याकाळी त्याच्या मुलाने पैसे घेणाऱ्याचे नाव पाहिले, त्याला संशय आला आणि त्याच रात्री त्याने सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर फोन केला.

शनिवारी काकांना संदेश आला की खात्यातील रक्कम काढायची असेल तर २,८०,००० रुपये ‘कर’ आधी भरावा लागेल. पैसे उरले नव्हते, म्हणून त्यांनी पत्नीकडे दागिने तारण ठेवण्याचा विषय काढला. स्वतःच्याच नफ्यावरचा कर नफ्यातून का कापून घेत नाहीत, हा पत्नीचा साधा प्रश्न होता. काकांना उत्तर देता आले नाही. आपण फसलो आहोत हे त्यांना त्या रात्री कळले होते, असे ते आज स्पष्टपणे सांगतात.

समोर असलेले पर्याय

रविवारी मित्राचा फोन आला. त्याने आपली तक्रार झाल्याचे सांगितले आणि काकांनीही लगेच तक्रार करावी असे सुचवले. काकांनी त्याला एवढेच सांगितले, “माझं नाव मधे आणू नकोस.” या एका वाक्यामागे भीतीचे अनेक धागे होते. मित्राला गटात आपणच ओढले, तेव्हा पोलीस आपल्यालाच त्या टोळीतला समजतील. मुलाला कळले तर घरातले आपले स्थान जाईल. सोसायटीत चर्चा होईल. आणि एवढे सोसूनही भावासारखेच रिकाम्या हाताने बसावे लागेल. यातील पहिली भीती निराधार होती, कारण गटाची साखळी पाहता कोणी कोणाला आणले हे तपासात सहज उलगडते आणि स्वतः चौदा लाख गमावणारा माणूस टोळीचा भागीदार नसतो. दुसरी आणि तिसरी खरी होती, आणि ती कमी लेखून चालणार नाही. फसवणूक झालेल्या ज्येष्ठांना ‘एवढे शिकलेले असून कसे फसलात?’ हा प्रश्न घरातच प्रथम विचारला जातो, आणि तो विचारणारे आपल्याच माणसाला गप्प बसवत असतात.

गप्प राहण्याव्यतिरिक्त काकांनी तीन वाटा तोलल्या. कर भरून पाहण्याची वाट पत्नीच्या ठाम नकारामुळे बंद झाली. बँकेकडून भरपाई मागावी, असे त्यांना वाटत होते, कारण रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाविषयी त्यांनी वाचले होते. ग्राहकाच्या नकळत, त्रयस्थ घुसखोरीमुळे व्यवहार झाला आणि त्याने तीन कामकाजी दिवसांत बँकेला कळवले, तर त्याच्यावर भुर्दंड पडत नाही, असे ते परिपत्रक सांगते. परंतु येथे प्रत्येक व्यवहार काकांनी स्वतः केला होता. शिवाय मोठी ठेव मोडताना शाखेतील अधिकाऱ्याने कारण विचारले तेव्हा गटातील मॅडमने पढवल्याप्रमाणे त्यांनी ‘मुलीच्या घरासाठी’ असे उत्तर दिले होते. त्यामुळे भरपाईचा हा दरवाजा त्यांना उघडणार नव्हता. बँकेला कळवण्याचा उपयोग वेगळाच होता, पैशाचा माग सुरू करण्याचा, आणि तो त्यांच्या ध्यानात आला नाही.

तिसरी वाट त्यांच्याकडे चालत आली. मंगळवारी एका अनोळखी माणसाने संपर्क साधून आपण सायबर विभागाशी संलग्न वकील असल्याचे सांगितले. काकांनी किती रक्कम, कोणत्या दिवशी पाठवली हे त्याला अचूक माहीत होते, आणि म्हणूनच काकांचा विश्वास बसला. वास्तविक ही माहिती फसवणाऱ्यांशिवाय कोणाकडे असणार? ‘रिकव्हरी’च्या खर्चापोटी १५,००० रुपये गेले. ज्याने तक्रार केलेली नाही, जो कोणाशी बोललेला नाही आणि जो हताश आहे, असा माणूस या दुसऱ्या फसवणुकीसाठी सर्वांत सोपा असतो. सरकारी यंत्रणा पैसे परत मिळवून देण्यासाठी शुल्क मागत नाही, हे त्यांना १९३० वर पहिल्याच फोनमध्ये कळले असते.

काकांना तक्रारीपर्यंत आणणारी घटना

दुसऱ्या सोमवारी काका एटीएमवर गेले तेव्हा पैसे निघाले नाहीत. शाखेत चौकशी केल्यावर कळले की परराज्यातील एका पोलीस ठाण्याच्या सूचनेवरून त्यांचे पेन्शनचे खाते गोठवले आहे. कारण होते ते सुरुवातीला मिळालेले १२,००० रुपये.

हा भाग फार थोड्या लोकांना ठाऊक असतो, म्हणून तो नीट समजावून सांगणे आवश्यक आहे. विश्वास बसावा म्हणून टोळी जो ‘नफा’ देते तो तिच्या खिशातून देत नाही. एका बळीकडून आलेले पैसे ती दुसऱ्याच्या खात्यात वळवते. परराज्यातील त्या व्यक्तीने तक्रार केली, यंत्रणेने तिच्या पैशाचा माग काढला आणि त्यातील १२,००० रुपये नाशिकच्या एका बचत खात्यात पोहोचल्याचे दिसले. त्या तपास अधिकाऱ्यासमोर काका बळी म्हणून नव्हते. त्यांच्या नावावर कुठेही तक्रार नव्हती. होते ते फक्त संशयास्पद पैसा आलेले एक खाते. गप्प राहिल्याने अब्रू वाचेल असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यावर त्या मौनामुळेच संशयित म्हणून उत्तर देण्याची वेळ आली.

त्या संध्याकाळी काकांनी मुलाला फोन केला. मुलगा आधी चिडला, रात्री गाडीने नाशिकला आला, आणि येता येता त्याने फोनवर दिलेला एक सल्ला मात्र घातक ठरू शकला असता. मोबाईलमध्ये ते अ‍ॅप आहे, तेव्हा आधी मोबाईल पूर्ण साफ करून टाका, असे त्याचे म्हणणे होते. पत्नीने ‘तू येईपर्यंत कशालाही हात लावणार नाही’ असे सांगितले, म्हणून पुरावा वाचला.

केलेली कार्यवाही

मंगळवारी सकाळी, म्हणजे शेवटचा व्यवहार झाल्यानंतर अकराव्या दिवशी, १९३० वर फोन झाला. ही व्यवस्था केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्रामार्फत २०२१ पासून चालते. आधी तिचा क्रमांक १५५२६० होता. तक्रारदाराने व्यवहाराचा युटीआर क्रमांक (प्रत्येक बँक व्यवहाराला मिळणारा स्वतंत्र संदर्भ क्रमांक), तारीख, वेळ, रक्कम आणि आपली बँक सांगितली की नोंद त्याच्या बँकेकडे आणि पैसे घेणाऱ्या बँकेकडे जाते. पैसे तिथून पुढे सरकले असतील तर नोंदही पुढच्या बँकेकडे सरकते, आणि जिथे शिल्लक सापडेल तिथे ती रोखून धरली जाते. म्हणूनच पोलीस पहिल्या काही तासांना ‘गोल्डन अवर’ म्हणतात. टोळीचे पैसे भाड्याच्या खात्यांमधून तासाभरात अनेक हात बदलतात, आणि रोख निघाली किंवा आभासी चलनात गेली की रोखून धरायला काही उरत नाही.

फोनवर मिळालेल्या पावती क्रमांकाच्या आधारे राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर सविस्तर तक्रार भरली. तिच्याबरोबर खात्यांचे उतारे, पाचही व्यवहारांचे युटीआर क्रमांक, निर्यात केलेला व्हॉट्सअ‍ॅप संवाद, जाहिरातीचा दुवा आणि अ‍ॅपमधील पडद्यांची छायाचित्रे जोडली. १५,००० रुपयांची दुसरी फसवणूक लिहायला काका तयार नव्हते. तीही लिहिली, कारण तो फोन क्रमांक आणि ते खाते हेही टोळीपर्यंत नेणारे धागे होते. बँकेच्या शाखेत त्याच दिवशी लेखी अर्ज देऊन पोच घेतली.

यानंतर एक गल्लत झाली, जी नाशिकमध्ये अनेकदा होते. शहर पोलीस आयुक्तालय आणि ग्रामीण पोलीस या दोन स्वतंत्र यंत्रणा असून दोघांची सायबर पोलीस ठाणीही वेगळी आहेत. मित्राची तक्रार ग्रामीणकडे असल्याने काका आधी तिकडे निघाले होते. त्यांचे राहणे शहरात असल्याने त्यांना शहराच्या सायबर पोलीस ठाण्यात जाणे सोयीचे होते. मात्र हद्दीच्या कारणावरून परत पाठवले गेल्यास हताश होऊ नये. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते, माहिती देणाऱ्याला तिची प्रत विनामूल्य मिळते, आणि नोंद नाकारल्यास पोलीस अधीक्षकांकडे व पुढे दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते.

पोर्टलवरील तक्रार म्हणजे गुन्हा नोंद नव्हे, हेही काकांना तेव्हाच समजले. सायबर पोलीस ठाण्यात जबाब झाल्यावर भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८(४) व ३१९(२) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ड याखाली फसवणूक आणि तोतयेगिरीचा गुन्हा दाखल झाला. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मधील प्रमाणपत्र लागते. मोबाईल शाबूत असल्याने ते देता आले.

पेन्शनच्या खात्याचा प्रश्न स्वतंत्रपणे हाताळला. परराज्यातील तपास अधिकाऱ्याला बँकेमार्फत आणि ईमेलने पत्र पाठवले, त्यात नाशिकच्या गुन्ह्याचा क्रमांक व पोर्टलवरील पावती जोडली आणि १२,००० रुपये वादग्रस्त असल्याचे मान्य करून उरलेले खाते मोकळे करण्याची विनंती केली. काही आठवड्यांनी खात्यावरची बंदी फक्त तेवढ्या रकमेपुरती मर्यादित झाली. ते १२,००० आपले नाहीत, ज्याचे आहेत त्याला जावेत, असे काकांनी पत्रात स्वतःहून लिहिले होते. एवढे नुकसान झालेल्या माणसाने हे लिहावे, याचा प्रस्तुत लेखकाला मनापासून आदर वाटतो.

निष्पत्ती

शुक्रवारी दुपारी ज्या खात्यात काकांचे ३,००,००० गेले होते त्यात २,१०,००० रुपये रोखलेले सापडले. ते काकांच्या तक्रारीमुळे रोखले गेले नव्हते. त्याच खात्यात ९०,००० पाठवणाऱ्या मित्राच्या मुलाने शुक्रवारी रात्री जो फोन केला, त्यामुळे त्या खात्यातून पैसे निघणे थांबले होते. पुढचे अकरा दिवस काकांचा पैसा तिथे पडून होता आणि त्यावर हक्क सांगणारे कागदोपत्री कोणी नव्हते. काकांनी तक्रार केलीच नसती तर त्या रकमेवर केवळ इतर तक्रारदारांचे दावे विचारात घेतले गेले असते.

गोठवलेली रक्कम आपोआप परत येत नाही. वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागला, तपास अधिकाऱ्यांचा अहवाल मागवला गेला, आणि काही महिन्यांनंतर बंधपत्रावर (न्यायालयाला दिलेल्या लेखी हमीवर) काकांना त्या खात्यातून १,४०,००० रुपये देण्याचा आदेश झाला. चौथ्या व्यवहाराच्या मागातून दुसऱ्या फळीच्या, म्हणजे पहिल्या खात्यातून पैसे पुढे वळवलेल्या, एका खात्यात ३६,००० रुपये सापडले, तेही मिळाले. म्हणजे १४,५०,००० पैकी १,७६,०००, आठव्या हिश्श्याहूनही थोडे कमी. मित्राला त्याच्या ९०,००० मधील बहुतांश रक्कम परत मिळाली.

तपासात परराज्यातील एका तरुणाला अटक झाली. त्याने थोड्या कमिशनसाठी आपले खाते आणि सिमकार्ड दुसऱ्याच्या ताब्यात दिले होते. वेगवेगळ्या ठिकाणच्या तक्रारींमध्ये तोच खाते क्रमांक आल्यामुळे तो सापडला. टोळीचे सूत्रधार मात्र अद्याप हाती लागलेले नाहीत.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत महत्त्वाचा निर्णयबिंदू शनिवारची रात्र हा आहे. काकांचा शेवटचा व्यवहार तेव्हा दीड दिवसाचाही नव्हता आणि चौथा त्याआधीच्याच आठवड्यातला होता. १९३० रात्रीही चालतो, आणि फोनला दहा-पंधरा मिनिटे लागली असती. त्या रात्रीच्या तक्रारीने १४,५०,००० परत आले असते असे म्हणणे खोटे ठरेल. पहिले तीन हप्ते तोवर बहुधा दूर गेले होते. चौथ्या हप्त्यातील ३६,००० पेक्षा बरेच अधिक रोखता आले असते, असे पैशाच्या प्रवासाचा तक्ता पाहिल्यावर वाटते. रिकव्हरीच्या नावाखालचे १५,००० निश्चितच वाचले असते, आणि पेन्शनचे खाते गोठल्यावर पहिल्याच दिवशी दाखवायला पावती हातात असती.

दुसरा बिंदू बँकेच्या काउंटरवरचा. ठेव मोडताना अधिकाऱ्याने विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर मिळाले असते तर त्याने हरकत घेतली असती. पण अधिकाऱ्यानेही ‘घरासाठी’ म्हटल्यावर बिल्डरचे नाव विचारून ते पैसे घेणाऱ्या ‘ट्रेडर्स’शी ताडून पाहायला हवे होते. ज्येष्ठ ग्राहक मुदतीआधी मोठी ठेव मोडत असेल तर हा एक जादा प्रश्न विचारण्याची सवय प्रत्येक शाखेने लावून घ्यावी.

तिसरा मुद्दा मित्राचा. त्याने काकांच्या विनंतीला मान देऊन आपल्या जबाबात त्यांचे नाव घेतले नाही. मैत्री म्हणून ते समजण्यासारखे आहे, पण त्याने नाव घेतले असते तर पोलिसांनी काकांशी आठवडाभर आधी संपर्क साधला असता. अशा प्रसंगी मित्राने स्वतः घरी जावे, शेजारी बसून १९३० लावून द्यावा. फोनवरच्या सल्ल्यापुरते थांबू नये.

राहिला तो पतसंस्थेचा अनुभव. पतसंस्थेच्या प्रकरणात पैसा आधीच कर्जांत आणि मालमत्तेत अडकलेला असतो, त्यामुळे वसुलीला वर्षे लागतात आणि लवकर तक्रार केल्याचा ठेवीदाराला फारसा लाभ होत नाही. ऑनलाइन फसवणुकीत पैसा काही तास बँकांच्या यंत्रणेतच फिरत असतो आणि त्या वेळात तो थांबवता येतो. काकांनी पहिल्या प्रकारचा अनुभव दुसऱ्या प्रकाराला लावला. त्यांच्या भावाने मात्र हे सर्व कळल्यावर, इतक्या वर्षांनी, स्वतःच्या ठेवीच्या दाव्याची सद्यःस्थिती विचारणारा अर्ज पुन्हा दिला आहे. काकांच्या गुन्ह्याचा तपास अजून सुरू असून, नव्वद दिवसांत प्रगती कळवण्याची जी तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ मध्ये आहे तिच्या आधारे ते पोलीस ठाण्यात नियमित विचारणा करतात, आणि जाताना मित्रही त्यांच्यासोबत असतो.